मिनिटाला अठ्ठेचाळीस

मुलांनो, जरा कल्पना करा. शनिवारची दुपार, सव्वा वाजलेला. मालवणातल्या एका घराच्या पायरीवर तुम्ही टेकला आहात आणि पाठीमागची खिडकी उघडी आहे. आत तेरा वर्षांची सृष्टी एकटीच आहे. तिच्या आईची पोस्टात बदली झाली म्हणून हे कुटुंब तीन वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आलं. आता फोन वाजेल. पलीकडे असेल तिची विनीतामावशी. ती कुडाळला हृदयाच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढण्याचं काम करते. मावशीचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही, सृष्टीचं येईल. दुसऱ्याच्या फोनकडे कान लावू नये, हे खरं. आजच्यापुरते लावा.

*

हॅलो? … मावशी? … अगं किती वेळ, काल रात्रीपासून वाट बघतेय मी.

… हो, दोन फोटो. पहिला कागद माझा, दुसरा डेलिशाचा. … डेलिशा गं, माझ्या वर्गातली. सांतानकाकांची मुलगी, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात ना, त्या रापणवाल्यांची. … हो, तीच. जी पोहते.

… मीही पोहते, मावशी.

… जेवले. भात आणि बांगड्याची आमटी. … आई पोस्टात आहे. … ते जाऊ दे ना. तू आधी सांग, तिला आजार आहे ना?

… अगं, वर छापलंय. मशीननंच छापलंय, इंग्रजीत. 'ॲबनॉर्मल'. आणि ठोके मिनिटाला अठ्ठेचाळीस. माझे चौऱ्याऐंशी, आणि माझ्या कागदावर 'नॉर्मल'. … आनंदानं नाही सांगत. … माझा आवाजच असा आहे.

… कशाला काढला म्हणजे? पुढच्या रविवारी समुद्रात पोहण्याची शर्यत आहे ना. तीन किलोमीटर. एका शाळेची एकच मुलगी. सरांनी सांगितलं, ईसीजी काढा आणि डॉक्टरांच्या सहीचा दाखला शनिवारी पाचच्या आत आणून द्या. … हो, म्हणजे आज.

… निवड झाली ना गेल्या आठवड्यात. ती पहिली, मी दुसरी. … थोडीशीच मागे होते. … थोडीशी म्हणजे… चार मिनिटं.

… हो, काल दोघी एकाच ठिकाणी गेलो. तिथे नुसता कागद काढून देतात. तिथले डॉक्टर सोमवारी येणार. माझा कागद आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बघून लगेच सही केली. तिचा सांतानकाकांनी बघितला. … वाचला कसला, तो एकच शब्द वाचला.

… नाही, घाबरट नाहीत ते. पण तिचे आजोबा रापण ओढताना गेले ना. दोर हातात होता म्हणे. सदुसष्ट वर्षांचे. … हो, हृदयच. म्हणून काका म्हणाले, 'माझ्या चेडवाक आता मी पाण्यात धाडूचंय नाय.' मुलीला आता पाण्यात पाठवणार नाहीत, रापणीवर नाही, शाळेत जिनासुद्धा नाही. आमचा वर्ग खाली आणा म्हणून अर्ज देणार आहेत.

… डेलिशा? … रडली नाही. 'माका काय झाला नाय,' एवढंच म्हणाली आणि पायानं वाळू उकरत बसली. … मग सर मला म्हणाले, सृष्टी, तयारीत राहा.

… फोटो कधी काढला? … ती कागद बाकावर ठेवून पाणी प्यायला गेली तेव्हा. … नाही विचारलं. … हो. … हो, चूक आहे. … परत नाही काढणार. … मावशी, रागावून झालं असेल तर सांग ना, आजार आहे ना?

… काय?

… परत सांग.

… नाही? … 'बहुतेक नाही' म्हणजे नाही की आहे?

… थांब, थांब. व्यायामानं ठोके वाढतात ना? मग कमी कसे होतील? … पळताना वाढतात, बरं. … आणि रोज पळणारा माणूस निवांत पडला असेल तर कमी? … असं कसं गं?

… वीज? हृदयात? … कोण सोडतं ती? … स्वतःच तयार करतं. … कुठे? … उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, एक लहानशी जागा. … ती इशारा देते. … हो, कागदाचा फोटो उघडलाय समोर. … आधी छोटा उंचवटा, दिसला. तो इशारा वरच्या कप्प्यांत पसरतो तेव्हाचा. … मग सपाट रेघ. तिथे तो जरा थांबतो. … मग उंच टोक. ते खालच्या मोठ्या कप्प्यांचं. … आणि शेवटचा तो गोल, बुटका? … पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होणं. हं.

… म्हणजे हृदय आवळतं ते ह्यात दिसतच नाही? नुसता इशारा दिसतो?

… रापणीसारखं? तू कुठे बघितलीस रापण? … हां, मे महिन्यात आलीस तेव्हा. … हो, एक जण आरोळी देतो आणि मग सगळे मिळून दोर ओढतात. … कागदावर आरोळी उमटते, ओढणं उमटत नाही. … समजलं गं, मी काही लहान नाही.

… नवशिके असले तर? … तर दर आरोळीला हातभरच दोर येणार. … म्हणून आरोळ्या जास्त लागणार. … आणि रोजचे ओढणारे असले तर एका आरोळीत तीन हात. … मग आरोळ्या कमी.

… …

… आहे मी. ऐकतेय.

… म्हणजे डेलिशाचं हृदय एका ठोक्यात माझ्यापेक्षा जास्त रक्त ढकलतं. … आणि मेंदूकडून येणारी एक नस त्या लहान जागेला सांगते, सावकाश चल, घाई नाही. … आणि व्यायाम करणाऱ्यांत त्या नसेचं जास्त चालतं.

म्हणजे तिचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे.

… 'चांगलं' नाही तर मग काय? … 'कमावलेलं.' … ते तर आणखी वाईट.

… मग मशीननं तसं का छापलं? … साठच्या खाली गेलं की छापतंच. … समोर कोण निजलंय ते मशीनला माहीत नसतं. … म्हणून खाली डॉक्टरांच्या सहीची जागा असते. हो, आहे. रिकामी आहे.

… नाही, आनंद झाला मला. … झाला म्हटलं ना.

… मग माझे का नाहीत कमी? मीही दोन वर्षं पोहतेय. … मंगळवार, गुरुवार. … पोहण्याच्या तलावात. … पाऊण तास. … पावसाळ्यात बंद असतो तलाव. … ती? ती रोजच. सकाळी रापणीवर, मग चालत शाळेत, संध्याकाळी नांगरलेल्या होडीपर्यंत पोहत जाऊन परत. गंमत म्हणून. मावशी, गंमत म्हणून. मी टोपी घालायची, चष्मा लावायचा, कानांत बोळे घालायचे, पैसे भरायचे, आणि ती आपली फ्रॉकसकट पाण्यात शिरते आणि समोरच्या खडकावर जाऊन बसते.

… काल ईसीजीच्या आधी? काही नाही केलं. जिना चढले. … चालत नाही, धावत. … दोन मजले. … तिच्या आधी माझा नंबर लागावा म्हणून. … हसू नकोस ना. … म्हणजे माझे चौऱ्याऐंशी खोटे? … खरे, पण धावून आल्यावरचे. बरं.

… आत्ता? … बसले. … मानेवर, दोन बोटं, अंगठा नाही. … सापडली. घड्याळ तू बघ. …

… एकोणीस. पंधरा सेकंदांत एकोणीस, गुणिले चार… शहात्तर. … बघ, आठ कमी झाले.

… आता उड्या? किती? … तीस. फोन बाजूला ठेवते हं. …

… अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. … थांब… दम… हं, मोज. … अडतीस. … एकशे बावन्न. … म्हणजे आत्ता कागद काढला तर ती उंच टोकं एकमेकांना चिकटून येतील? … अगदी चिकटून नाही, मधली सपाट जागा कमी होईल. … आणि आता एक मिनिट नुसतं बसायचं. … बसलेय. …

… सव्वीस. एकशे चार. … किती लवकर उतरले ते बघायचं असतं? … मग डेलिशाचे बघायला हवेत तुला. तिचे एकशे अडुसष्टवरून एका मिनिटात शंभराच्या खाली येतात.

… …

… माहीत आहे मला. … कसं म्हणजे, मोजलेत. … विज्ञानाच्या बाईंनी वर्गात एकदा मोजायला लावले होते. … नाही, तेवढ्याच वेळा नाही. नंतर मीच मोजायचे. दर शनिवारी, ती पोहून बाहेर आली की. मैत्रीण म्हणून तिचा हात धरायचा आणि मोजायचं. … तिला वाटायचं मी खेळतेय.

… लिहिलेत ना. वही आहे. … आठ महिने झाले. पावसाळ्यात पोहणं नव्हतं तेव्हा शाळेत मोजले. … तिच्या वेळा, तिचे ठोके, ती काय खाते. … सकाळी पेज आणि सुका बांगडा. … मग मीही महिनाभर खाल्ली पेज. … काही नाही झालं, मधल्या सुट्टीत भूक लागायची.

… का विचारतेस? … आहेत, तारखेसकट आहेत. एप्रिलात बसल्या जागी छप्पन्न. गणपतीच्या सुमाराला त्रेपन्न. दिवाळीनंतर पन्नास. आणि गेल्या शनिवारी सत्तेचाळीस.

… चक्कर? कधीच नाही. … पोहताना छातीत दुखलं? … नाही. … शुद्ध हरपली? … नाही गं. ती दुसऱ्यांना बाहेर काढते. एकदा मलाच काढलं. … पायात गोळा आला होता माझ्या, खोल पाण्यात. … आईला माहीत नाही. तू सांगू नकोस. … नाही, ते वहीत नाही लिहिलं. … का म्हणजे काय. नाही लिहिलं.

… बरं, विचार तुझ्या डॉक्टरांना. मी थांबते. …

… हं, बोल. … म्हणजे तरीही दाखवायलाच हवं? तू तर आत्ता म्हणालीस… … तू म्हणून चालत नाही, डॉक्टरांनी म्हणायला हवं. … आणि आजोबांचं कळल्यावर नीट बघायलाच हवं. बरं. … चालत्या पट्ट्यावर चालवतात, मग पळवतात, आणि तारा लावलेल्या असतातच. … ठोके नीट चढले, मधेच वेडेवाकडे झाले नाहीत, आणि थांबल्यावर नीट उतरले तर सही. … आणि नाही उतरले तर? … तर आज कळलेलं बरं. हो.

… आज? … चारपर्यंतच आहेत ते? … तिला घेऊन येऊ म्हणतेस. मी? … आणि वही?

… का, वही कशाला? … असं म्हणाले डॉक्टर? 'आठ महिन्यांच्या नोंदी कुणी आणतच नाही.' … ते हसले का? … कौतुकानं. बरं.

… वही नाही आणणार.

… नाही म्हणजे नाही. मी आकडे सांगते, तू लिहून घे. … बरं, मी एका कागदावर उतरवते. … हो, कळतंय, वेळ नाही. … अगं ऐक ना. त्यात नुसते आकडे नाहीत. … मी काय काय लिहिलंय. … तिच्याबद्दल. … डॉक्टरांसमोर ती बसलेली असणार, काका असणार, आणि डॉक्टर पानं उलटणार.

… वाचू? … नको. … … बरं, एक वाचते. 'आज डेलिशा पुन्हा पहिली. सर तिला पाठीवर थाप देतात. मला नुसतं छान म्हणतात.' … हे साधं आहे, हो. … पुढे आहे ना. … 'देवा, तिला काहीतरी होऊ दे. मोठं नको. पाय मुरगळू दे.'

… …

… दिवाळीच्या आधीचं आहे. … आणि कालचं एक. … काल लिहिलं, 'झालं.' … एवढंच. 'झालं', आणि खाली दोन रेघा मारल्यात.

… …

… बोल ना काहीतरी. … 'ऐकतेय' काय. रागव तरी. … देवानं केलं नाही हे मला कळतं, मावशी. मशीननं केलं. साठच्या खाली गेलं म्हणून. … पण मला बरं वाटलं होतं ना. कागद बघितला तेव्हा. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. रात्री तुला फोटो पाठवला तो त्यासाठीच. तू म्हणशील आजार आहे, म्हणजे मग माझं काही चुकलं नाही.

… आणि मी आज सांगितलंच नाही तर? … सोमवारी इथले डॉक्टर येतीलच. ती ठीक असेल तर ते सांगतीलच. … दाखला आज पाचला, हो, माहीत आहे. … मग शर्यतीला मी जाईन. … मी काही चोरलेलं नाही. माझ्याकडे दाखला आहे, खरा आहे. … आणि ती पुढच्या वर्षी जाईल. … रापणीवर? … नाही, सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं तरी काका लगेच सोडतील असं नाही. ते एकदा घाबरले की घाबरले. … तिची आजी तर काल तिला हंडा उचलू देत नव्हती. 'बस गो, हलू नको,' म्हणत होती.



… तू करतेस काकांना फोन? कर ना. पण काल सरांनी केला होता. ईसीजी म्हटल्याबरोबर काकांनी ठेवून दिला आणि तेव्हापासून बंदच आहे. … तिच्या जेसिंताआजीला फोनवर ऐकू येत नाही. … हो. कुणीतरी समोर जाऊनच सांगायला हवं. … आई सहाला येते. … माझं ऐकतील का ते? पोरीचं? … वही बघून ऐकतील. तारखा बघून. … हो, ऐकतील. तेच तर म्हणतेय मी, वही बघूनच ऐकतील.

… ती दोन पानं फाडू? … फाडली तर मागची पण सुटतात, शिवलेली वही आहे. त्या पानांवर ऑक्टोबरचे आकडे आहेत. … तू सांग ना, फाडू की नको? … 'वही तुझी आहे.' हे काय उत्तर आहे, मावशी.

… किती वाजले? … पावणेदोन. … काकांचा बर्फाचा टेम्पो आहे दारात. कुडाळला पाऊण तास, रस्ता मोकळा असेल तर. … सही मिळाली तर दाखल्याचा फोटो सरांना पाठवता येईल, हो. … सर तेवढं चालवून घेतील.

… ती जिंकेल मग. … तुला नाही माहीत, पण मला माहीत आहे ना, माझ्याकडे आकडे आहेत. … मी काठावर. तिचा टॉवेल धरून. … टाळ्या वाजवणार नाही मी, आधीच सांगते. … नाही वाजवल्या तरी चालेल? … खरंच? … आणि मला आनंद नाही झाला तर? … तोही नंतर झाला तरी चालेल. … कधीच नाही झाला तर? … बरं.

… माझे पण उतरतील का गं? ठोके. … रोज पोहले तर. … वर्ष लागेल. … आणि तिच्याएवढे नाही झाले तर? … प्रत्येकाचं वेगळं. मला वाटलंच तू हे म्हणणार.

… नाही, ठरवलं नाहीये अजून. … नाही, रडत नाहीये, उड्या मारल्या ना मघाशी. … ठेवते. … हो, पाणी पिते. … ठेवते गं मावशी, तू पण ठेव.

*

फोन ठेवल्यावर सृष्टीनं दप्तरातून निळी वही काढली. 'झालं' लिहिलेलं पान उघडून दोन बोटांत धरलं आणि पुन्हा सोडलं. मग तिनं वही मिटली, सायकल काढली आणि समुद्राकडच्या उताराला लागली.

सांतानच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. डेलिशा पायरीवर एकटीच बसली होती. आतून आजीनं विचारलं, "कोण इला गो?" सृष्टी सायकल टेकवून पुढे आली. तिनं वही उघडली, तेच पान वर करून डेलिशाच्या मांडीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

"आधी हे वाच, आणि दिवाळीआधीचं पानही," ती म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोल. आणि मग काकांना हाक मार, कुडाळचे डॉक्टर चारला जातात."